माझ्या नातीचे ग्रीक नाव

गेल्या चैत्रात माझ्या मुलास कन्या झाली. मुलगा ग्रीस देशी पिरिअस बंदरात जहाजांच्या दुरुस्तीच्या कामावर असतो, आणि सहा वर्षांपूर्वी त्याने तेथल्याच एका मुलीशी विवाह केला. त्या विवाहाविषयी मला जे म्हणावयाचे होते ते मी त्याच वेळी म्हणून घेतले होते. पुढे सून दोनदा घरी येऊन राहिली, वहिनींच्या शेजारी बसून मोदकाच्या पाऱ्या करावयास शिकली, आणि माझे म्हणणे आपोआपच मागे पडले. तेव्हा नात झाल्याची वार्ता आली त्या दिवशी घरात साखर वाटली गेली, आणि मी पंचांग घेऊन बसलो. नक्षत्र पाहिले, चरणाक्षर काढले, व दोन रात्री जागून एकवीस नावांची एक यादी केली. प्रत्येक नावापुढे धातू, प्रत्यय आणि अर्थ असे तीन रकाने आखले होते. आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलेल्या माणसाची ही खोड आहे. ती सेवानिवृत्तीबरोबर निवृत्त होत नाही.

यादी पाठविण्यापूर्वीच मुलाचा फोन आला. "अण्णा, मुलीचे नाव अन्थी ठेवले."

मला नीट ऐकू आले नाही असे वाटून मी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले.

"हे नाव आहे की शिंक?" मी म्हणालो.

तो हसला नाही. "अण्णा, त्याचे असे आहे की," एवढे तो बोलला, आणि पुढचे मी त्याला बोलू दिले नाही. ज्या शब्दाला अर्थ नाही तो मुलीच्या जन्माला बांधू नये, आपल्या घरात चार पिढ्यांत निरर्थक नाव कोणाचे ठेवलेले नाही, इत्यादी बरेच काही मी बोललो. आणि शेवटी, जे बोलावयास नको होते तेही बोललो. म्हणालो, "हे ऐकावयास तुझी आई नाही, हे एका परीने बरेच झाले." माझी पत्नी जाऊन तीन वर्षे झाली आहेत. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग तो "बरे, अण्णा" म्हणाला आणि फोन बंद झाला. त्यानंतर महिना-सव्वामहिना तो वहिनींशी व आपल्या बहिणीशी बोलत असे. मला फक्त प्रकृती विचारी.

आता वाचकांस सांगावयास संकोच वाटतो, परंतु सांगितलेच पाहिजे. यास्काचार्यांचे निरुक्त मी वडिलांजवळ शिकलो. सर्व नामे धातूंपासून निघाली आहेत, हा शाकटायनाचा पक्ष यास्कांनी उचलून धरला. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती लागली नाही तर दोष शब्दाचा नव्हे, शोधणाराचा, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. आणि त्याच मी एक परका शब्द कानावर पडताक्षणी, कोश न उघडता, 'निरर्थक' ठरवून मोकळा झालो होतो.

माझ्या थोरल्या पुतण्याची मुलगी अकरावीत आहे. ज्येष्ठातल्या एका दुपारी ती माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "अण्णाआजोबा, अन्थी म्हणजे काय ते मी पाहिले. ग्रीक भाषेत 'अन्थॉस' म्हणजे फूल. त्यावरून अन्थी."

मी म्हणालो, "फूलच हवे होते, तर आपल्याकडे काय तोटा होता? सरळ कुसुम ठेवायचे!"

हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडले आणि मी थांबलो. मुलगीही माझ्याकडे पाहत राहिली. कुसुम हे माझ्या पत्नीचे नाव.

त्याच संध्याकाळी मी होऊन फोन केला. या खेपेस मी बोललो नाही, ऐकले. मुलाने सांगितले ते असे. ग्रीस देशात नातवंडांस आजी-आजोबांची नावे देण्याची फार जुनी चाल आहे. प्राचीन काळीदेखील नातवाला आजोबाचे नाव पडे, आणि आजही पुष्कळ घरांतून पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचे नाव देतात. आजी हयात असली तरी देतात, त्यात अशुभ मानीत नाहीत. सुनेला सासूचेच नाव द्यावयाचे होते. परंतु 'कुसुम' हा उच्चार तेथल्या शाळेत मुलीला नीट मिळेना, म्हणून तिने नवऱ्याला त्या नावाचा अर्थ विचारला, आणि अर्थ तोच ठेवून शब्द आपल्या भाषेतला घेतला. पहिल्या फोनवर 'त्याचे असे आहे की' याच्या पुढचे वाक्य हे होते.

मी फोन ठेवला आणि कपाटातून मोनियर विल्यम्स साहेबांचा संस्कृत कोश काढला. १८९९ साली छापलेल्या आवृत्तीचे हे पुनर्मुद्रण माझ्याजवळ चाळीसेक वर्षे आहे. मुलीने 'अन्थॉस' असा उच्चार केला तेव्हापासून एक शब्द माझ्या मनात हलत होता. पान उघडले, आणि माझ्याच पेन्सिलीच्या खुणांच्या शेजारी तो दिसला: नपुंसकलिंगी 'अन्धस्', म्हणजे वनस्पती, सोमवल्ली, सोमरस. आणि शब्दाला लागूनच, कंसात, ग्रीक लिपीत, अन्थॉस! हे पान मी किती वेळा पाहिले असेन! ग्रीक अक्षरे आली की ती साहेबांच्या विद्वत्तेची नक्षी आहे असे समजून मी डोळे पुढे नेत असे.

या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ज्यांना व्याकरणाचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी राग नाही. संस्कृतात 'अन्धस्' दोन आहेत. एक अंधाराचा, 'अन्ध' या शब्दाच्या कुळातला. दुसरा ऋग्वेदात सोमाविषयी वारंवार येणारा, आणि हाच पुढे 'अन्न' या अर्थापर्यंत उतरला. अमरकोशात शिजविलेल्या भाताच्या पर्यायांत अन्धस् आहे, आणि देवांच्या नावांत 'अमृतान्धसः' आहे. म्हणजे अमृत हेच ज्यांचे अन्न ते. आता ग्रीक 'अन्थॉस' पाहा. तोही नपुंसकलिंगी, आणि आपल्या मनस्, तेजस् यांच्याप्रमाणे मुळात सकारान्तच. अर्थ मात्र त्या लोकांनी वनस्पतीच्या वेगळ्या टोकाला नेला. आपल्या पूर्वजांनी वल्लीचा रस धरला, त्यांनी तिचे फूल धरले. ही जोडी सर्वच भाषापंडितांना निःशंकपणे मान्य आहे असे नव्हे, काहींनी तिच्याविषयी संशय घेतला आहे; पण ती जुनी आहे, आणि मला पटते. 'अन्थी' हे त्याच फुलाच्या शब्दाचे स्त्रीलिंगी नाव. जुन्या ग्रीक भाषेत 'अन्थे' असा स्त्रीलिंगी शब्द 'पूर्ण बहर' या अर्थी होता, आणि तो प्लेटोच्याही लेखनात सापडतो. त्या भाषेतला शेवटचा दीर्घ एकार काळाच्या ओघात ईकार झाला. उच्चाराविषयी आणखी एक गंमत. आजचे ग्रीक लोक त्यातला थकार दातांच्या फटीतून वारा सोडावा तसा काढतात. प्राचीन काळी मात्र तो आपल्या 'थ'सारखा महाप्राण होता. म्हणजे वहिनी पाळण्यातल्या मुलीला ज्या उच्चाराने हाक मारतील तो अथेन्सच्या आजच्या उच्चारापेक्षा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उच्चाराला अधिक जवळचा असेल. हे मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग त्यांना म्हणावे, शिकायला इकडे या."

एकदा दार उघडल्यावर मी पुष्कळ वाचले. तालुक्याच्या वाचनालयात मिळाले ते वाचले, राहिलेले नातीने मोबाइलवर काढून दिले. आर्गोस नगरात हेरा देवीचे एक मंदिर होते आणि तेथे तिला 'अन्थेइया', म्हणजे पुष्पवती, म्हणत. पौसानियस नावाच्या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. हेरा ही त्यांच्या देवराजाची राणी आणि विवाहाची अधिष्ठात्री. ख्रिस्ती धर्म आल्यावर अन्थिया नावाची एक साध्वी झाली. एलेफ्थेरिओस या हुतात्म्याची ती माता, आणि मातापुत्रांचा दिवस पूर्वेकडील ख्रिस्ती लोक १५ डिसेंबरला पाळतात. ग्रीसमध्ये वाढदिवसापेक्षाही नावाचा दिवस अगत्याने साजरा करण्याची पद्धत आहे, आणि अन्थी नावाच्या बायकामुलींचा दिवस तो हाच. एफिससच्या झेनोफोन नावाच्या लेखकाची एक प्राचीन कथा आहे, तिची नायिकाही अन्थिया. नवपरिणीत जोडपे चाचांच्या हाती सापडते, दोघांची ताटातूट होते, ती देशोदेशी नेली जाते, विकली जाते, परंतु आपले शील सोडीत नाही, आणि शेवटी दोघांची भेट होते. आपल्या दमयंतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कथा म्हणून मात्र नलोपाख्यान पुष्कळच सरस. इतका स्वाभिमान मी राखून ठेवला आहे.

इंग्रजीत निवडक कवितांच्या संग्रहाला जो 'अँथॉलॉजी' शब्द आहे तोही याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ फुले वेचणे. गदाराच्या मेलेआगर नावाच्या कवीने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास निरनिराळ्या कवींच्या लहान कविता एकत्र करून त्या संग्रहाला 'माला' असेच नाव दिले, आणि प्रस्तावनेदाखल लिहिलेल्या कवितेत एकेका कवीला एकेक फूल वा झाड नेमून दिले. सॅफो या कवयित्रीच्या वाट्याला गुलाब आले.

पण ज्या गोष्टीने मी अडखळलो ती सुनेने पत्रातून कळविली. तिच्याशी माझे बोलणे तुटक इंग्रजीत होते. पत्र तिने लिहिले ते मुलाने मराठी करून पाठविले. तिने लिहिले होते की प्राचीन अथेन्समध्ये शिशिर सरून वसंत येण्याच्या सुमारास 'अन्थेस्तेरिया' नावाचा तीन दिवसांचा उत्सव होत असे, आणि त्या महिन्यालाही त्यावरूनच नाव पडले होते. पहिल्या दिवशी नव्या मद्याचे रांजण उघडीत. दुसऱ्या दिवशी पानोत्सव. आणि तिसऱ्या वर्षात आलेल्या मुलांच्या मस्तकी फुलांचे मुकुट घालीत. लहान मुलांना त्या सणात लहानशा सुरया मिळत. तसल्या सुरया आजही उत्खननांत सापडतात आणि त्यांवर रांगणारी, खेळणारी मुले चितारलेली असतात. तिसरा दिवस मृतांचा. त्या दिवशी सर्व प्रकारचे धान्य एका मडक्यात शिजवून मृतांसाठी परलोकाचा वाटाड्या जो हर्मिस देव त्याला अर्पण करीत, आणि ते अन्न देवळातला पुरोहितदेखील चाखीत नसे. त्या दिवसांत गेलेली माणसे घरी येऊन जातात अशी समजूत होती. उत्सव संपला की त्यांना निरोप देत.

फुलांचा उत्सव, त्यातच लहान मुलांचे कौतुक, आणि त्यातच पितरांचे पान! आमच्या घरी भाद्रपदात गौरी-गणपती उठतात न उठतात तोच महालयाचा पक्ष लागतो, त्याची मला आठवण झाली. सुनेने खाली लिहिले होते: "अण्णा, आम्ही हा उत्सव आता पाळीत नाही, तो बंद पडून शतके झाली. पण मुलीला आजीचे नाव द्यायचे ठरले तेव्हा मला तो आठवला."

असो. आता जे लिहावयाचे आहे ते घरात अद्याप कोणाशी बोललो नाही.

कुसुम हे पत्नीचे माहेरचे नाव नव्हे. आमच्या रीतीप्रमाणे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात. ते नाव मी निवडले होते. माहेरी तिला तिच्या आजीचे नाव होते, शेवंती. ते मला गावंढळ वाटले. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि अमरकोश नुकताच पाठ झाल्याचा ताठा अंगात होता. 'शेवंती'पेक्षा 'कुसुम' हे शुद्ध आणि व्यापक, असा विचार केल्याचे मला स्पष्ट आठवते. तिला विचारले नाही. तसे विचारण्याची पद्धतच नव्हती, हे खरे. पण मी पद्धतीकडे बोट दाखवून आज सुटू पाहत नाही. शिवाय एवढ्या हौसेने ठेवलेले नाव मी उभ्या संसारात फारसे उच्चारलेही नाही. आमच्या घरात पुरुषमाणसे 'अगं' म्हणूनच हाक मारतात.

तिच्या शेवटच्या दुखण्यात ती नऊ दिवस अर्धवट शुद्धीत होती. तिचा भाऊ उशाशी बसून "शेवंते" म्हणे, आणि ती डोळे उघडी. सहाव्या दिवशी खोलीत कोणी नाहीसे पाहून मी "कुसुम" अशी हाक मारली. दोनदा मारली. तिने डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांना मी नंतर सहज विचारल्यासारखे विचारले, तेव्हा ते म्हणाले की अशा अवस्थेत पुष्कळदा जुने तेवढे शिल्लक राहते. मी 'शेवंती' म्हणून हाक मारून पाहावयास हवी होती. ते मला सुचले नाही असे नाही. पण जिभेवर आले नाही.

हे सर्व पुन्हा वर येण्याचे निमित्त असे झाले. अन्थॉसच्या गोत्रातली आपल्या ओळखीची फुले कोणती, हे मी आषाढात पाहू लागलो. लिनीयस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींना जी दोन-दोन शब्दांची नावे दिली त्यांत ग्रीक शब्द जागोजागी आहेत. आमच्या मागील दारचा पारिजातक त्याच्या ग्रंथात 'निक्टँथीस' झाला आहे. त्यातला पूर्वार्ध ग्रीक 'नुक्स', म्हणजे रात्र, हा आपल्या 'नक्त' शब्दाचा सख्खा भाऊ. उत्तरार्ध आपला अन्थॉस. म्हणजे रात्रीचे फूल. मी आनंदाने त्याचे संस्कृत करू गेलो तो 'नक्तान्ध' होऊ लागले, आणि नक्तान्ध म्हणजे रातांधळा! दोन अन्धस् आहेत, हे वर सांगितलेच आहे. त्या झाडाच्या नावाचा दुसरा भाग लॅटिन आहे, त्याचा अर्थ 'दुःखी वृक्ष'. पहाटे सगळी फुले टाकून देतो म्हणून. सूर्यफुलाचे शास्त्रीय नाव 'हेलिअँथस' हे तर शब्दाला शब्द सूर्यफूलच. उपवासाच्या राजगिऱ्याचे 'अ‍ॅमरँथस' पाहून मी फसलो होतो. मूळ ग्रीक शब्द 'अमारान्तॉस', न कोमेजणारा. त्याचा अन्थॉसशी संबंध नाही, आणि त्यात जो थकार शिरला तो केवळ फुलाच्या शब्दाशी असलेल्या सारखेपणामुळे. चुकीची व्युत्पत्ती करणारे पंडित तिकडेही आहेत हे पाहून बरे वाटले.

आणि मग शेवंती. तिचे नाव 'क्रिसँथेमम'. 'ख्रुसॉस' म्हणजे सोने, आणि पुढे 'अन्थेमॉन', म्हणजे अन्थॉसच. सोन्याचे फूल.

ते वाचून मी चष्मा काढून बराच वेळ ओटीवर बसून होतो. मी तांदळावर जे नाव लिहिले ते आणि जे पुसले ते, दोन्ही त्या मुलीच्या नावात आहेत. सुनेला यातले काही माहीत नव्हते. मुलालाही आईचे माहेरचे नाव ठाऊक आहे की नाही याची मला शंका होती, मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा काहीतरी वेगळे म्हणत, पण मला ते लाडाचे नाव वाटे."

मुले मार्गशीर्षात येणार आहेत. १५ डिसेंबरला मुलगी येथेच असेल. त्या वेळी ती आठ-नऊ महिन्यांची होईल, तेव्हा हे बारसे म्हणावे की काय यावर वहिनी आणि माझी मुलगी यांचा वाद अजून चालू आहे. पाळण्यात घालावयाचीच, आणि आत्याने कानात 'कुर्र' करून नाव सांगावयाचेच, एवढे दोघींना मान्य आहे. पाळण्याच्या गाण्यात 'अन्थी' कोठे बसवायचे यासाठी माझ्याकडे विचारणा झाली. मी दोन कडवी करून दिली, ती वहिनींनी नापसंत करून परत पाठविली.

मी शेवंतीची रोपे आणविली आहेत. मागील दारी, पारिजातकाच्या सावलीत येणार नाहीत अशी, एक ओळ लावली. पिवळीच हवी असे सांगितले तेव्हा रोपवाल्याने पांढरीही आग्रहाने पुढे केली. ती घेतली नाही. दिवस लहान होऊ लागल्याखेरीज ती कळी धरीत नाही, तेव्हा मार्गशीर्षापर्यंत फुलावयास हरकत नसावी. सध्या श्रावण आहे आणि सकाळी अंगणात चालावयास जागा नसते एवढा पारिजातकाचा सडा पडतो.

गेल्या आठवड्यात सुनेचे आणखी एक पत्र आले. तिकडे मुलीच्या नावाची नोंद झाली त्या कागदाची प्रत तिने सोबत जोडली होती. ग्रीक अक्षरे मी आता वाचू शकतो, त्यांत अन्थी हे मी स्वतः वाचले. पत्रात शेवटी तिने विचारले होते की, मी ऐकले आहे, तुमच्याकडे मुलीचे नाव लग्नात बदलत असत. मग आईंचे पहिले नाव काय होते? मुलगी मोठी झाल्यावर विचारील, म्हणून लिहून ठेवायचे आहे.

उत्तर काल टपालात टाकले. चार ओळींचे आहे. एकवीस नावांची यादी त्यात घातली नाही. कागदाच्या मध्यावर जागा सोडून मी मोठ्या अक्षरांत 'शेवंती' असे लिहिले, खाली ग्रीक लिपीत त्याचा अर्थ लिहिला, आणि ते नाव कोणी बदलले तेही लिहिले.